सर्व्हर बदलला आणि हमाली शून्य झाली: नव्या व्हर्जनवर मुकाट्यानं बदलणारे हिशोब कसे पकडायचे

प्रश्न थोडक्यात असा. अंबडमधली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी कांदा-द्राक्षाच्या आडत्यांसाठी हिशोबपट्टीचा प्रोग्राम चालवते. प्रोग्राम पायथॉनमध्ये आहे. त्यांनी सर्व्हर उबुंटू २०.०४ वरून २४.०४ वर नेला आणि त्यासोबत पायथॉन ३.८ चं ३.१२ झालं. पहिल्या दिवशी इम्पोर्टच्या एरर आल्या, त्या काढल्या. आठवड्याभरानं दोन गोष्टी लक्षात आल्या. काही पट्ट्यांवर हमाली शून्य लागतेय, आणि संध्याकाळी रोजमेळ जुळवताना स्क्रीनवर ‘फरक ०.००’ दिसत असूनही प्रोग्राम म्हणतो की जुळत नाही. ‘आम्ही कोडची एक ओळही बदलली नाही. हा पायथॉनचा बग आहे का? जुन्या व्हर्जनवर परत जावं का?’

आधी सरळ उत्तरं देतो. पायथॉनचा बग नाही. आणि परत जावं का, तर हो, लिलाव जोरात चालू असतील तर आजच जा. शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी पडण्यापेक्षा ते बरं. मात्र परत गेल्यानं आठवड्याभरात बिघडलेला डेटा सुधारत नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो. परत जाण्याआधी तेवढं वाचा. मधलं उत्तर लांब आहे, कारण हे दोन बग काढले तरी तुमचं काम संपणार नाही. अशा जागा अजून असतील आणि एरर मेसेजच्या मागे लागून त्या सापडणार नाहीत, कारण तिथे एरर येतच नाही.

हमालीपासून सुरू करू. तुम्ही दिलेल्या तुकड्यात मालाचा प्रकार हा स्ट्रिंग (मजकूर) आणि इनम (ठरावीक पर्यायांची यादी) या दोन्हींपासून केलेला क्लास आहे. क्लासचं नाव ‘प्रकार’, त्यात गोणी, क्रेट, खुला असे मेंबर. हमालीचा दर काढताना हा मेंबर एफ-स्ट्रिंगमध्ये (मधे व्हॅल्यू भरून बनवलेल्या मजकुरात) घालून की, म्हणजे शोधायचं नाव, तयार केली आहे आणि डिक्शनरीवर (नाव आणि दर यांच्या जोड्यांवर) ‘गेट’ लावलंय: की सापडली तर दर, नाही तर शून्य. पायथॉन ३.१० पर्यंत असा मेंबर एफ-स्ट्रिंगमध्ये टाकला की त्याची व्हॅल्यू यायची, म्हणजे नुसतं ‘गोणी’. ३.११ पासून क्लासच्या नावासकट येतं: ‘प्रकार.गोणी’. अशी की तुमच्या डिक्शनरीत नाही. ‘गेट’नं काही तक्रार न करता शून्य दिलं आणि पट्टीवर हमाली शून्य छापली गेली.

सगळ्याच पट्ट्यांवर का नाही? कारण दुसऱ्या फंक्शनमध्ये एफ-स्ट्रिंग नाहीच, तिथे मेंबर थेट की म्हणून दिलाय. तो मुळात स्ट्रिंगच असल्यामुळे डिक्शनरीत नीट सापडतो, ३.८ वरही आणि ३.१२ वरही. एकाच प्रोग्राममध्ये एकच काम दोन पद्धतींनी लिहिलेलं आणि त्यातली एकच पद्धत मोडलेली, असं फार वेळा दिसतं. म्हणून ‘काही ठिकाणी बरोबर, काही ठिकाणी चूक’ हे लक्षण दिसलं की मी सर्व्हर, मेमरी, नेटवर्क यांच्याकडे न जाता आधी कोडमधल्या दोन वाटा शोधतो.

पायथॉनवाल्यांनी हे उगाच केलं नाही. आधी त्याच मेंबरला ‘एसटीआर’नं स्ट्रिंग केलं तर क्लासच्या नावासकट यायचं आणि एफ-स्ट्रिंगनं केलं तर नुसती व्हॅल्यू. ही विसंगती ३.११ मध्ये काढली, आणि ज्यांना दोन्हीकडे व्हॅल्यूच हवी त्यांच्यासाठी ‘स्ट्र-इनम’ हा वेगळा क्लास दिला. तुमच्यासाठी ‘स्ट्र-इनम’ किंवा ‘डॉट व्हॅल्यू’ यांपैकी कुठलीही दुरुस्ती चालेल. मी जिथे की बनते तिथे स्पष्टपणे ‘डॉट व्हॅल्यू’ लिहीन, कारण ते जुन्या-नव्या दोन्ही व्हर्जनवर सारखंच चालतं आणि वाचणाऱ्यालाही कळतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते ‘गेट’मधलं शून्य काढा. दर सापडला नाही म्हणजे दर शून्य आहे असं कुठल्या आडत्यानं सांगितलं होतं? की सापडली नाही तर प्रोग्राम तिथेच थांबला पाहिजे. तसा थांबला असता तर पहिल्या दिवशी, पहिल्या पट्टीला कळलं असतं.

आता रोजमेळ. एका रिपोर्टमध्ये रकमांची बेरीज ‘सम’ या तयार फंक्शननं होते, दुसऱ्यात लूप चालवून एकेक रक्कम मिळवत जाता, आणि शेवटी दोन्ही सारख्या आहेत का ते ‘==’नं तपासता. रकमा फ्लोटमध्ये (कॉम्प्युटरच्या अंदाजे दशांश प्रकारात) आहेत. फ्लोटमध्ये ०.१ सारखी संख्या अचूक बसत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. ०.१ दहा वेळा मिळवा: ३.११ पर्यंत ‘सम’चं उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ यायचं, ३.१२ मध्ये १.० येतं. ३.१२ पासून ‘सम’ फ्लोटसाठी बेरजेत गळणारा बारीक भाग बाजूला जपून शेवटी परत मिळवतं. उत्तर जास्त अचूक झालं. तुमच्या लूपला मात्र यातलं काही माहीत नाही, तो अजून पूर्वीचंच ०.९९९९९९९९९९९९९९९९ देतो.

म्हणजे पूर्वी तुमचे दोन्ही रिपोर्ट सारखेच चुकत होते आणि म्हणून जुळत होते. आता एक सुधारला, दुसरा तसाच राहिला. फरक सोळाव्या घरात आहे, स्क्रीनवर दोन घरं छापता, त्यामुळे ‘०.००’ दिसतं आणि तरीही जुळत नाही. यात ‘सम’ला दोष देऊन लूपसारखं करून घेण्यात अर्थ नाही. पैसे फ्लोटमध्ये ठेवू नयेत, एवढाच यावर उपाय. एक तर सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा, नाही तर ‘डेसिमल’ हा अचूक दशांशाचा प्रकार वापरा. डेसिमलवर जाताना राउंडिंग कुठलं ते स्वतः लिहा. त्याची डिफॉल्ट पद्धत बरोब्बर अर्ध्यावर आलेली रक्कम शेजारच्या सम अंकाकडे नेते आणि पायथॉन ३ चं ‘राउंड’ही तसंच वागतं. २.५ चं २ होतं, ३.५ चं ४. मुनीमजी असं करत नाहीत. त्यांना अर्ध्याचा वरचा पूर्ण हवा असतो.

या दोन उदाहरणांत एक फरक आहे, आणि व्हर्जन बदलताना मी सगळ्यात आधी तोच बघतो: मोडलेली गोष्ट भाषेनं कबूल केली होती, की नुसती सवयीनं मिळत होती? ‘सम’च्या बाबतीत सोळाव्या घरातला अंक कायम तोच राहील असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. इनमच्या बाबतीत मात्र दिसणारं वागणं जाणूनबुजून बदललं आणि ‘व्हॉट्स न्यू’ या बदलांच्या यादीत लिहून बदललं. तिसरा प्रकार म्हणजे खरोखरचा बग: कबूल एक केलंय आणि मिळतंय भलतंच. लोक येतात ते बहुतेक वेळा तिसरा प्रकार आहे असं समजून, आणि निघतो पहिला किंवा दुसरा.

कबुली आणि सवय यांतला फरक कळायला डिक्शनरीचं उदाहरण चांगलं आहे. घातलेल्या क्रमानंच नोंदी बाहेर येतात हे सीपायथॉनमध्ये (आपण सगळे वापरतो तेच नेहमीचं पायथॉन) ३.६ ला दिसायला लागलं, पण तेव्हा ‘हा आतल्या रचनेचा परिणाम आहे, यावर विसंबू नका’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ३.७ मध्ये ती भाषेची हमी झाली. कोड एकच, ३.६ वर तो नशिबानं चालत होता, ३.७ वर हक्कानं. त्याच्याही आधी, ३.३ पासून, स्ट्रिंगचं हॅश (डिक्शनरीत जागा ठरवणारा आकडा) प्रत्येक वेळी वेगळं येऊ लागलं. २०११ च्या अखेरीस मुद्दाम एकाच हॅशच्या की पाठवून सर्व्हर गुदमरवण्याचा हल्ला जाहीर झाला होता, त्यावरचा तो इलाज. पण त्यामुळे डिक्शनरीच्या क्रमावर टेकलेल्या कितीतरी टेस्ट कधी पास, कधी नापास व्हायला लागल्या.

जावामध्ये हेच सॉर्टिंगच्या वेळी झालं. २०११ च्या जावा ७ मध्ये ऑब्जेक्ट सॉर्ट करायचा अल्गोरिदम बदलला. तुमच्या कंपेअर फंक्शनमध्ये विसंगती असेल, म्हणजे अ हा ब पेक्षा मोठा आणि ब हाही अ पेक्षा मोठा, तर जुना अल्गोरिदम काहीतरी क्रम देऊन मोकळा व्हायचा. नवा मध्येच एक्सेप्शन फेकून सांगायला लागला की तुमच्या कंपॅरिझन मेथडनं करार मोडलाय. तेही दर वेळी नाही, डेटाचा क्रम जुळून आला तरच. जुनं सॉर्टिंग परत चालू करायची सोय जावानं ठेवली होती आणि बऱ्याच जणांनी ती लावून विषय मिटवला. माझ्या मते ती सोय एका रात्रीपुरती ठीक, कायमची नाही.

आणि बग फक्त वर जातानाच येतात असंही नाही. पिंपळगावच्या बाजूला द्राक्षाच्या एका पॅकहाउससाठी पॅकिंग लिस्टचा प्रोग्राम होता, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवायची सोय). डेव्हलपरच्या लॅपटॉपवर नोड १२, पॅकहाउसच्या जुन्या मशीनवर नोड १०. बॉक्स आधी नंबरानं लावलेले, मग ग्रेडनं सॉर्ट केलेले, आणि अपेक्षा अशी की एकाच ग्रेडमध्ये नंबरांचा क्रम टिकेल. नोड ११ पासून तो टिकतो, कारण तिथून आतल्या व्ही८ इंजिनचं सॉर्ट स्थिर झालं. त्याआधी दहापर्यंतची यादी वेगळ्या, क्रम टिकवणाऱ्या पद्धतीनं लागायची आणि दहाच्या वर गेली की क्विकसॉर्ट, ज्यात सारख्या नोंदींचा क्रम टिकेलच असं नाही. टेस्टसाठी घेतले होते मोजके सात-आठ बॉक्स. जुन्या मशीनवरही टेस्ट पास! खरी लिस्ट आली आणि नंबर विस्कटले. पहिला संशय लेबल प्रिंटरवर गेला होता.

मराठीत काम करणाऱ्यांनी नोडमधला अजून एक बदल ध्यानात ठेवावा. नोड १२ पर्यंत तयार मिळणाऱ्या नोडमध्ये फक्त इंग्रजीची लोकॅल माहिती, म्हणजे आकडे-तारखा लिहायची त्या भाषेची पद्धत, असायची. तुम्ही संख्या मराठी लोकॅलमध्ये छापायला सांगितली तरी इंग्रजी आकडे आणि परदेशी पद्धतीचे स्वल्पविराम मिळायचे. नोड १३ पासून सगळ्या भाषांची माहिती सोबत येते, आणि मराठी लोकॅलचे डिफॉल्ट आकडे देवनागरी आहेत. कोड न बदलता बिलावर १२,३४,५६७ असं देवनागरीत यायला लागलं. गिऱ्हाईक खूश. पण तीच छापील स्ट्रिंग पुढच्या पायरीत परत संख्येत बदलत असाल तर जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा वाचता येत नाही, हाती ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’) येतं. (पायथॉनचं ‘इंट’ मात्र देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं.) उपाय म्हणजे दाखवायची संख्या आणि हिशोबाची संख्या वेगळी ठेवणं. देवनागरी आकडे नकोच असतील तर लोकॅलच्या नावातच लॅटिन आकडे मागता येतात.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कामात पायथॉनपेक्षा पीएचपीच जास्त असतं. तिथे ७ वरून ८ वर जाताना सगळ्यात जास्त त्रास ‘==’ देतं. पीएचपी ७ मध्ये शून्य आणि रिकामी स्ट्रिंग सारखी मानली जायची, शून्य आणि ‘एबीसी’सुद्धा. ८ मध्ये नाही. फॉर्ममध्ये रकाना रिकामा सोडला तर ‘शून्य आहे का’ या अटीतून जो कोड आत जायचा तो आता बाहेरून जातो, आणि कुठेही लाल अक्षर दिसत नाही. जुनी कॉन्फिग फाइल तशीच उचलून नव्या सर्व्हरवर ठेवणं हाही पीएचपीवाल्यांचा आवडता घोळ. ७.१ पासून जेसन (दोन सिस्टीममध्ये डेटा पाठवायचा मजकूर) बनवताना दशांशाची लांबी ‘सिरियलाइझ प्रिसिजन’ या सेटिंगवरून ठरते. जुन्या फाइलमध्ये ते १७ असतं. मग ०.१ ऐवजी जेसनमध्ये ०.१०००००००००००००००१ जातं आणि समोरची सिस्टीम ‘दशांश दोनपेक्षा जास्त’ म्हणून बिल परत पाठवते.

खरे बग? असतात. २०११ च्या जुलैमध्ये जावा ७ बाहेर पडलं तेव्हा त्याच्या कंपायलरच्या लूप ऑप्टिमायझेशनमध्ये बग होता. काही लूप चुकीचे कंपाइल व्हायचे, त्यामुळे प्रोग्राम कोसळायचा किंवा चुकीचं उत्तर द्यायचा. सर्च इंडेक्स बनवणाऱ्या अपाचे ल्यूसीनच्या लोकांनी जाहीर सांगितलं होतं की इतक्यात हे वापरू नका. तेव्हापासून माझा एक नियम आहे: मोठ्या व्हर्जनचं पहिलंवहिलं रिलीज मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर घालत नाही, एक-दोन पॅच रिलीज येऊ देतो. तुम्ही ३.१२ वर पुष्कळ उशिरा गेलात, त्यामुळे ही भीती तुम्हाला लागू नाही.

पॅच रिलीज म्हणजे फक्त दुरुस्त्या, वागणं तेच, असंही धरून चालू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरक्षेच्या कारणानं पायथॉननं मोठ्या पूर्णांकाचं स्ट्रिंगमध्ये आणि स्ट्रिंगचं पूर्णांकात रूपांतर ४३०० अंकांवर अडवलं, आणि हे ३.१०.७, ३.९.१४, ३.८.१४ अशा पॅच रिलीजमध्ये आलं. आडत्याच्या हिशोबात ४३०० अंकी रक्कम येणार नाही हे खरं, पण शेवटचाच आकडा बदललाय म्हणून डोळे मिटून अपडेट करणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावं.

आता तुम्ही काय करायचं.

तुमची मूळ अडचण उडीची आहे. ३.९ पासून पायथॉन दर वर्षी ऑक्टोबरात नवं व्हर्जन काढतं, आणि एखादी गोष्ट काढून टाकण्याआधी निदान दोन रिलीज तिची वॉर्निंग द्यायची असं त्यांचं धोरण आहे. उबुंटूच्या एका दीर्घ मुदतीच्या व्हर्जनवरून दुसऱ्यावर जाणारा माणूस मधली रिलीज कधी चालवतच नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला नडलेलं ‘डिस्टयुटिल्स’ हे पॅकेज बनवायचं मॉड्यूलच बघा. त्याची वॉर्निंग ३.१० आणि ३.११ मध्ये होती, ३.१२ मध्ये ते गेलं. तुम्ही ३.८ वरून थेट ३.१२ वर, म्हणजे वॉर्निंग देणारी दोन्ही व्हर्जन तुमच्या मशीनवर कधी आलीच नाहीत. आली असती तरी कदाचित दिसली नसती, कारण अशा डेप्रिकेशन वॉर्निंग पायथॉन एरवी लपवतं आणि मुख्य स्क्रिप्टमधल्या तेवढ्या दाखवतं.

म्हणून सर्व्हरला हात न लावता एका मशीनवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवायची सोय) किंवा ‘पायएन्व्ह’नं ३.८, ३.९, ३.१०, ३.११, ३.१२ अशी पाचही उभी करा. प्रत्येकावर प्रोग्राम वॉर्निंग उघड्या ठेवून चालवा. कमांड लाइनवर ‘-डब्ल्यू डिफॉल्ट’ दिलं की त्या दिसतात, ‘-डब्ल्यू एरर’ दिलं की प्रत्येक वॉर्निंगला प्रोग्राम थांबतो. पहिल्या झटक्यात एरर लावू नका, तुमच्या नव्हे तर लायब्रऱ्यांच्याच वॉर्निंगनं हैराण व्हाल. यात कुठल्या पायरीवर काय मोडतं ते कळतं, आणि त्या एकाच व्हर्जनचं ‘व्हॉट्स न्यू’ वाचावं लागतं. त्यातला ‘रिमूव्ह्ड’ आणि ‘पोर्टिंग’चा भाग आधी वाचा, नव्या सोयींचं कौतुक नंतर. लायब्रऱ्या आणि पायथॉन एकाच वेळी बदलू नका. जुन्या पायथॉनवर चालतील इतक्या नव्या लायब्रऱ्या आधी घाला, महिनाभर चालू द्या, मग पायथॉन. तुम्ही ऑपरेटिंग सिस्टीम, पायथॉन, लायब्रऱ्या आणि डेटाबेस चारही एका रविवारी बदललेत. त्यानंतर सोमवारी ‘कशामुळे झालं’ हे कोण सांगणार?

३.१० ची एक गंमत वाटेत भेटेल. व्हर्जनच्या स्ट्रिंगमधली पहिली तीन अक्षरं कापून घेणारा कोड कुठे असेल तर त्याला ३.१० हे ३.१ दिसतं. याम्ल या सेटिंगच्या फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं तर तो दशांश समजला जातो आणि पुन्हा ३.१ होतो. आणि स्ट्रिंग म्हणून तुलना केली तर ३.१० हे ३.८ पेक्षा लहान ठरतं. हे सगळं तुमच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे.

पण वॉर्निंगनं हमालीचा आणि रोजमेळाचा बग सापडलाच असता याची खात्री नाही. ‘सम’ जास्त अचूक झालं याची वॉर्निंग कोणी देत नाही. यावर माझा भरवसा एकाच गोष्टीवर आहे: खरा डेटा दोन्ही व्हर्जनवर चालवून आउटपुट ओळीनं ओळ ताडून पाहणं. लासलगाव किंवा पिंपळगावचा भर हंगामातला, आवक जास्त असलेला एक अख्खा दिवस घ्या. गोणी, क्रेट, ट्रॅक्टरमधला खुला माल, उचल घेतलेले शेतकरी, रद्द झालेले सौदे, सगळं त्यात असेल असा दिवस निवडा. डेटाबेसच्या दोन प्रती करा. एकीवर ३.८ नं पट्ट्या, रोजमेळ, खतावणी काढा, दुसरीवर ३.१२ नं. पीडीएफ नको, साधा मजकूर काढा आणि ‘डिफ’ (दोन फाइलींतले फरक दाखवणारी कमांड) लावा.

पहिल्यांदा ढीगभर फरक दिसतील आणि बहुतेक फालतू असतील: छपाईची वेळ, आपोआप पडणारे नंबर, सेटमधून आल्यामुळे बदललेला क्रम. ते एकेक करून गप्प करा. तारीख गोठवा, क्रम ठरवून लावा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक इथेच सोडून देतात. पण फालतू फरक संपले की खाली जे चार-दोन उरतात, त्यातच हमाली शून्य झालेली असते. यासाठी लिहिलेल्या टेस्ट असायलाच हव्यात असं नाही. तुमच्याकडे नाहीत असं लिहिलंत, म्हणून मुद्दाम सांगतोय. जुनं व्हर्जन हीच तुमची टेस्ट.

उरलेला प्रत्येक फरक दहा-बारा ओळींच्या प्रोग्राममध्ये उतरवा. डेटाबेस नाही, फ्रेमवर्क नाही, फक्त ती एक गोष्ट. पाचही व्हर्जनवर चालवा. निम्म्या वेळा त्या दहा ओळी लिहितानाच कारण कळतं. नाही कळलं आणि डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिल्याच्या उलट वागणं दिसलं, तर मात्र तिसरा प्रकार धरा आणि पायथॉनच्या गिटहबवर नोंद करा. २०२२ पासून त्यांचे सगळे बग तिथेच आहेत. आधी शोधून बघा, बहुधा कोणीतरी आधीच नोंदवलेलं असतं. ‘आमचं सॉफ्टवेअर चालत नाही’ असं लिहिलंत तर कोणी बघणार नाही. दहा ओळी आणि दोन व्हर्जनची दोन उत्तरं दिलीत तर बहुतेक कोणीतरी बघतं.

जावा किंवा सी वापरणाऱ्यांसाठी एक जोड. सोर्स चालतो म्हणजे बिल्ड केलेली फाइलही चालेल असं नाही. जावा ९ च्या कंपायलरवर ‘टार्गेट ८’ देऊन बनवलेली फाइल जावा ८ वर ‘अशी मेथडच नाही’ म्हणून पडायची, कारण बाइटबफरच्या ‘फ्लिप’सारख्या मेथडचा परतीचा प्रकार ९ मध्ये बदलला होता आणि कंपायलरनं नव्या लायब्ररीकडे बघून कोड बनवला होता. ‘रिलीज ८’ हा पर्याय दिला की कंपायलर जुन्या लायब्ररीची यादी धरतो. पायथॉनमध्ये याच जातीची गोष्ट म्हणजे सीमध्ये लिहिलेली एक्स्टेन्शन. जुन्या मशीनवरचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कॉपी करून नव्यावर टाकू नका, तिथे नव्यानं बनवा.

वेळेचंही बघा. द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि त्याच्या शेपटाला उन्हाळ कांदा सुरू होतो. या दिवसांत सर्व्हरला हात लावायचा नाही हे मालकाकडून लेखी घ्या. पायथॉन ३.८ चा आधार ऑक्टोबर २०२४ मध्येच संपलाय, त्यामुळे कायम त्यावर राहता येणार नाही. पण सर्व्हर इंटरनेटवर उघडा नसेल तर काही महिने ३.८ ला डॉकरमध्ये बंद करून नव्या उबुंटूवर चालवणं हा मध्यममार्ग चालतो. उघडा असेल तर मी तसं करणार नाही.

राहिला तो बिघडलेला आठवडा. एफ-स्ट्रिंगमधून तयार झालेलं ‘प्रकार.गोणी’ हे फक्त दर शोधायला वापरलं गेलं, की कुठल्या टेबलातही लिहिलं गेलं, ते आधी तपासा. प्रकाराच्या कॉलममध्ये पूर्णविराम असलेल्या नोंदी शोधायची एक क्वेरी पुरे. अशा नोंदी असतील तर ३.८ वर परत गेल्यावर जुना कोड ‘गोणी’ शोधेल आणि या आठवड्याच्या नोंदी त्याला दिसणारच नाहीत. म्हणजे बग परत येईल, उलट्या बाजूनं. तेव्हा आधी त्या नोंदी दुरुस्त करा, मग परत जा.

शून्य हमालीच्या पट्ट्यांसाठी त्या आठवड्याचे सौदे वेगळ्या डेटाबेसवर ३.८ मधून पुन्हा चालवा आणि हमालीचा रकाना ताडून फरकाची यादी काढा: पट्टी नंबर, तारीख, शेतकरी, किती कमी कापली. नुसती शून्य हमालीची यादी काढू नका, ज्या मालाला खरंच हमाली नव्हती त्या पट्ट्याही त्यात येतील. हमालांना मजुरी तर गेलेलीच असणार, म्हणजे तेवढी रक्कम आडत्याच्या खिशातून गेली आहे. ती पुढच्या पट्टीत शेतकऱ्याकडून वळती करायची की सोडून द्यायची हे आडत्यानं ठरवायचं. प्रोग्रामनं परस्पर कापू नये. यादी प्रिंट काढून, सही घेऊन द्या, आणि छापलेल्या जुन्या पट्ट्या डेटाबेसमध्ये बदलू नका. दुरुस्तीची वेगळी नोंद करा, म्हणजे शेतकऱ्याच्या हातातला कागद आणि तुमची नोंद यांत फरक पडणार नाही.